बल्लाहच्या धुक्यातली हजेरी

दार ओढून घ्या रे, धुकं आत येतंय. आणि ती किटली इकडे सरकवा. पोर्ट सईदचं बंदर बंद केलंय, आत्ताच सांगून गेले. सकाळपर्यंत एकही जहाज कालव्यात शिरणार नाही. म्हणजे रात्र आपलीच आहे.

मघाशी नियम सांगितला तेव्हा वाइल हसला, ते मी पाहिलं. हस बाबा, दात तुझे आहेत. धुक्यात जहाज काठाला बांधलं, आणि निघताना काठावरचा दोर सोडला, की होडीच्या म्होरक्यानं, रईसनं, आपल्या प्रत्येक गड्याला त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची. अमक्याच्या आईचं नाव अमुक, तर 'अमुकच्या लेका' म्हणायचं, आणि त्यानं ओ दिली तरच त्याला होडीत घ्यायचं. ऐकायला वेडगळ वाटतं. मीसुद्धा तुमच्या वयाचा असताना हसलो होतो. आपल्याकडे आईचं नाव चारचौघांत कोण घेतं? शाळेत एखाद्याच्या आईचं नाव फुटलं, की पोरं त्याला वर्षभर जगू देत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेत लोक 'अमक्याची आई' एवढंच छापतात. आणि इथे रईसनं ते बोंबलून सांगायचं.

पण मी मुसअदला ओळखत होतो. शेजारीच राहायचा माझ्या, पोर्ट फुआदला, एकाच जिन्यावर. मी आणि तो एकाच वर्षी रईस झालो. त्याचं काय झालं ते सांगतो, मग हसा.

नवा कालवा खणायला घेतला, त्याच्या आधीचा शेवटचा हिवाळा. जानेवारीची बावीस तारीख, बुधवार संपून गुरुवार लागणारी रात्र. तारीख मला पाठ आहे, कारण त्या गुरुवारी मुसअदच्या धाकट्या भावाचा निकाह होता सुएझला आणि मी साक्षीदार होतो.

धाकट्याचं नाव शहाता. भीक मागून आणलेला, असा त्या नावाचा अर्थ. आईची चार मुलं पाळण्यातच गेली होती. मुसअद तेवढा जगला, आणि मग किती वर्षांनी हा. मोठं नाव ठेवलं तर मरणाची नजर जाईल म्हणून तिनं भिकाऱ्यासारखं नाव ठेवलं आणि पाच वर्षं त्याला फाटके कपडे घातले. बाप लवकर गेला. मुसअदनंच त्याला वाढवला, होडीवर घेतला, आणि मुलगीही त्यानंच शोधली. सुएझच्या हाजी फिक्रीची नजला.

आता सुएझला जायचं तर मिनीबस आहे. पण मुसअद म्हणाला, "बसचे पैसे कशाला? जहाज नेतंयच की आपल्याला." त्यानं पाळी बदलून घेतली. रात्री इथून जहाजावर चढायचं, दुपारी सुएझला उतरायचं, आंघोळ करून संध्याकाळी निकाह. नवरदेव जहाजातून वरात घेऊन चाललाय म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याची रेवडी उडवली. शहातानं नवा सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खांद्यावर टाकला होता. आई गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली, ती येणार नव्हती. तिनं अंथरुणावरूनच मुसअदला एवढंच सांगितलं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय."

होडीवर तिसरा गडी होता गाबिर. दमिएत्ताचा. कामाला वाघ, पण जीभ म्हणजे कात्री. महिन्याभरापूर्वी त्याला आपल्या एका गड्याच्या आईचं नाव कळलं होतं, तर त्यानं त्यावर चाल लावून आठवडाभर कॉफीखान्यात गाणं म्हटलं. तो बिचारा गडी शेवटी दुसऱ्या पाळीवर गेला.

मध्यरात्री जहाज सुटलं. मोठं, डबे वाहणारं जहाज. क्रेननं त्यांची होडी वर उचलून कठड्याबाहेर टांगली, नेहमीसारखी, वाटेत जहाज काठाला बांधायची वेळ आली तर हाताशी हवी म्हणून. तिघांना खाली एक खोली दिली. शहातानं सूट खुंटीला अडकवला, फोन त्याच सुटाच्या खिशात ठेवला आणि झोपला. मुसअदला झोप आली नाही. लग्नघरात थोरल्याला कुठली झोप.

चारला दहा मिनिटं कमी असताना बल्लाहजवळ धुकं आलं. तिथे तेव्हा कालव्याचे दोन फाटे व्हायचे आणि मधे वाळूचं लांबडं बेट. तुम्ही पाहिलंय ते. बेटावर पहाऱ्याची एक चौकी, बाकी काही नाही. जहाजाच्या वाटाड्याला पुढचा दिवाही दिसेना. त्यानं जहाज बेटाच्या कडेला बांधायला सांगितलं. होडी खाली सोडली. शहातानं पुढचा दोर खुंट्यात अडकवला, गाबिरनं मागचा. दोन्ही खुंट्यांत चांगलं दोनशे पावलांचं अंतर. काम झाल्यावर तिघं होडीत बसून बिड्या ओढत राहिले. वर जाण्यात अर्थ नव्हता, केव्हाही हाक आली असती.

सव्वापाचला हाक आली. धुकं वरून थोडं विरलं होतं, पाण्यावर मात्र तसंच होतं. वाटाड्याला घाई. मागून दुसरी जहाजं यायची होती.

मुसअदनं शहाताला पुढच्या खुंट्याशी उतरवलं. मग गाबिरला घेऊन मागे गेला. गाबिरनं उडी मारली, मागचा दोर खुंट्यातून काढला, पाण्यात सोडला. मुसअदनं नियमाप्रमाणे हाक दिली, "गाबिर, सनियाच्या लेका."

"ओ, आलो," गाबिर म्हणाला आणि होडीत आला. येताना हसत होता. म्हणाला, "रईस, माझ्या आईचं झालं. आता तुमच्या आईचं ऐकू या."

बघा, कळलं का? दुसऱ्या कुणाची आई असती, तर मुसअदनं डोळे झाकून नाव घेतलं असतं. रईसला सगळ्या गड्यांच्या आयांची नावं ठाऊक असतात, धुक्याबाहेर तो ती मेला तरी उच्चारत नाही. पण शहाताची आई म्हणजे त्याचीच आई. वर कठड्याला टेकून बत्तीवाला उभा, जहाजाचा मोठा दिवा सांभाळणारा, इस्माइलियाचा. आणि समोर गाबिर, कान टवकारून. उद्या कॉफीखान्यात आईच्या नावाचं गाणं होणार, हे मुसअदला तिथेच ऐकू यायला लागलं.

वल्ही मारत ते पुढच्या खुंट्याशी आले. दोर पाण्यात पडल्याचा आवाज झाला. म्हणजे शहातानं काम केलं होतं. काठ दिसत नव्हता.

मुसअदनं नाव गिळलं.

"शहाता," तो म्हणाला. नुसतं एवढंच.

"हो."

"आलास?"

"आलो."

होडी एका बाजूला कलली, माणूस आल्यावर कलते तशी. कुणीतरी पुढच्या फळीवर बसलं. पाठमोरं. क्रेनची साखळी लावली, होडी वर निघाली. गाबिर हिरमुसला होता. जहाज सरकायला लागलं.

तेव्हा खालून आवाज आला. काठावरून.

"मुसअद... थांब ना. मी राहिलो."

मुसअदनं फळीकडे पाहिलं. शहाता तिथेच होता. पाठमोरा.

"मुसअद..."

आवाज काठाकाठानं पळत होता. जहाजाच्या बरोबरीनं. धापा टाकत.

फळीवरचा शहाता वळला. चेहरा त्याचाच. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण तोच. शांतपणे म्हणाला, "काठ हाका मारतोच, दादा. जुनी माणसं सांगायची ना? ओ द्यायची नाही."

खरंय, सांगायची. माझे आजोबाही सांगायचे. मुसअदनं तोंड घट्ट मिटलं.

आवाज मागे मागे पडत गेला. मग एकदाच, पार मागून...

"मुसअद. रतीबाच्या लेका."

गाबिरनं ते ऐकलं. ज्या नावासाठी तो रात्रभर टपून बसला होता, ते नाव. तो हसला नाही. त्यानं खाली मान घातली आणि सुएझ येईपर्यंत वर केली नाही. पुढे आठ दिवसांत त्यानं काम सोडलं, दमिएत्ताला जाऊन सुताराच्या हाताखाली राहिला. आजही कालव्याकडे फिरकत नाही.

तुम्ही म्हणाल, मुसअदनं जहाज का नाही थांबवलं? अरे, कुणासाठी थांबवायचं? भाऊ समोर बसलेला. वाटाड्याला काय सांगणार, हा माझा भाऊ इथे आहे, तेव्हा खाली राहिलेल्या भावासाठी थांबा? तुमच्यापैकी कुणी थांबवलं असतं, मला सांगा.

खोलीत गेल्यावर त्यानं परीक्षा घेतली. बुटाचं माप विचारलं. बरोबर. बाप कुठल्या वारी गेला, विचारलं. बरोबर. मग दार लावून हळूच विचारलं, "आईचं नाव काय रे आपल्या?"

शहाता हसला. म्हणाला, "वेडा झालास का? आईचं नाव कुणी विचारतं?"

कुणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. मी हेच म्हणालो असतो. मुसअदला हायसं वाटलं. तरी उजाडल्यावर त्यानं डेकवर जाऊन बल्लाहच्या ठाण्यात एका ओळखीच्याला फोन लावला. रात्री कुणी काठावर सापडलं का? तो म्हणाला, धुक्यात आम्हाला आमचे बूट सापडले नाहीत. नंतर मुसअद झोपला. भाऊही झोपला, भिंतीकडे तोंड करून.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी हाजी फिक्रीच्या घरी पोचलो. मिनीबसनं गेलो होतो मी, अंग आंबून गेलेलं. तिसरा मजला. जिन्यावर रंगीत दिवे. बैठकीत पुरुष, आत बायका, आतून आनंदाच्या किलकाऱ्या चाललेल्या. शहाता सुटात बसला होता. मी त्याला मिठी मारली. मला काहीही वेगळं वाटलं नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. मुसअदचा चेहरा मात्र उतरलेला होता. मी म्हटलं, "भावाचं लग्न आहे का मयत?"

काजींना त्या रात्री आणखी दोन निकाह उरकायचे होते. ते म्हणाले, "आधी सगळ्यांचे अंगठे घेतो. शाई वाळेपर्यंत मी बाकीचे रकाने भरीन." एकाच मजकुराच्या चार प्रती. आत जाऊन नजलाचे अंगठे घेतले, बाहेर येऊन शहाताचे. मी सही केली.

मग काजींनी चष्मा लावला. नवऱ्याचं नाव लिहिलं. बापाचं लिहिलं. जन्मतारीख लिहिली. लेखणी तशीच धरून म्हणाले, "नवऱ्या मुलाच्या आईचं नाव?"

शहाता गप्प.

लोक हसले. नवरदेव लाजला, असंच वाटलं सगळ्यांना. हाजी फिक्री म्हणाले, "बोल बेटा. इथे कुणी परकं नाही."

शहातानं मुसअदकडे पाहिलं. "तू सांग."

मुसअद म्हणाला, "तू सांग."

"तू थोरला. तू सांग ना."

आता हसणं थांबलं. आत बायकांच्या किलकाऱ्या चालूच होत्या. मला वाटलं, दोघं भांडलेत, घोळ नको. नाव मला माहीतच होतं, तीस वर्षं शेजारीण होती ती. मी तोंड उघडलं. मुसअदनं माझा गुडघा धरला. इतका जोरात धरला की आठ दिवस निळा होता. माझ्या कानाशी म्हणाला, "त्याला देऊ नकोस. नाव देऊ नकोस."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला काही कळलं नाही, पण मी गप्प बसलो.

"दादा," शहाता म्हणाला. अगदी लाडानं. "सांग की. एवढंच राहिलंय."

मुसअदनं मान हलवली. नाही.

काजी सगळ्यांकडे बघत राहिले. शहातानं खाली पाहिलं, आपल्या अंगठ्याकडे.

"शाई धुऊन येतो," म्हणाला.

उठला. बोळातून आत गेला. न्हाणीघराचं दार लागलं. नळाचा आवाज आला.

नळ चालू राहिला...

चहाचे पेले निवले. हाजी फिक्रींनी पुतण्याला पाठवलं. त्यानं दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. मग ढकललं. कडी लावलेली नव्हती.

नळ वाहत होता. आत कुणी नव्हतं. खिडकी पाटीएवढी आणि तिला गज. बोळातून बाहेर यायचं तर बैठकीतूनच यावं लागतं, आणि आम्ही वीस माणसं बैठकीत बसलेलो.

मुसअद उठलाही नाही. त्याला जणू ठाऊक होतं. तो मला म्हणाला, "अवद, मी पोराला काठावर सोडून आलो. लाजेपायी."

मग त्यानं मला सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं ते. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. आत नजला रडत होती, तिचे काका आम्हाला शिव्या घालत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. तीन वर्षांनी झालं तिचं लग्न, देवाच्या दयेनं.

त्याच रात्री भाड्याची गाडी करून आम्ही बल्लाहला गेलो. ठाण्यात हातापाया पडलो, तेव्हा त्यांनी बेटावर नेलं. रात्रीचे साडेबारा. शुक्रवार लागला होता. पुढचा खुंटा सापडला. दिव्यांनी बेटाचं एक टोक ते दुसरं टोक पालथं घातलं. मुसअद आता नाव घेत होता. मोठ्यानं. सगळ्या शिपायांसमोर. "शहाता, रतीबाच्या लेका. शहाता, रतीबाच्या लेका." घसा बसेपर्यंत.

कुणी ओ दिली नाही.

चौकीवर दूर दक्षिणेकडचा एक शिपाई होता, तरणा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, काल पहाटेही कुणीतरी हाका मारत होतं. धुकं होतं, आम्हाला चौकी सोडायची परवानगी नव्हती. बाईचं नाव घेत होता तो. हेच. रतीबा. आम्हाला वाटलं, मच्छीमार असेल, बायकोला बोलावतोय. उजाडल्यावर थांबलं."

मी ते मुसअदला तिथे सांगितलं नाही. गाडीत सांगितलं. सांगायला नको होतं.

सकाळी आम्ही पोर्ट फुआदला पोचलो. आई अंथरुणावर उठून बसलेली. सुनेची वाट बघत नव्हती ती, सून तर नंतर यायची होती. फोन का लागत नाही, म्हणून बसली होती. मुसअदनं तिच्या पायांशी बसून सांगितलं. काही लपवलं नाही. मी दारात उभा होतो.

तुमच्या लक्षात येतंय का? ती दोरवाल्याची बायको, दोरवाल्यांची आई. नियम तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडली नाही. मग विचारलं, "माझं नाव कुणी घेतलं मग?"

"त्यानंच घेतलं, आई. काठावरून."

"आणि तू?"

मुसअदनं तिच्या पायांवर कपाळ टेकलं.

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मारायला उचललाय, असं मला क्षणभर वाटलं होतं. पण ठेवला. म्हणाली, "माझ्या नावाची लाज वाटली होय रे तुला?"

मुसअद त्यानंतर चार वर्षं जगला. दर धुक्याला बल्लाहला जायचा. आई अजून आहे. नव्वदीची आहे. बाजारात कुणी भेटलं, की आपणहून आपलं नाव सांगते. लोकांना वाटतं, म्हातारी भ्रमिष्ट झालीय.

संपलं असतं इथेच. पण चाळीस दिवसांनी काजींनी मला सुएझला बोलावलं. साक्षीदार होतो ना. निकाह पुरा झाला नव्हता, ते कागद रद्द करायचे, त्यावर माझी सही हवी होती. मी गेलो. दुपारची वेळ, त्यांच्या टेबलावर स्वच्छ ऊन. त्यांनी कागद पुढे केले, पण सोडले नाहीत. म्हणाले, "हे आधी बघ."

नजलाचा अंगठा होता. सगळ्या रेघा स्पष्ट, मोजून घ्याव्यात इतक्या. शेजारी शहाताचा. निळा, गोल, भरीव.

मी म्हटलं, "शाई जास्त झाली असेल."

"मलाही तसंच वाटलं," काजी म्हणाले.

मी म्हटलं, "आम्ही दोरवाले, काजीसाहेब. आमचे अंगठे दोरानं झिजतात."

त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा शाईत बुडवला आणि कोऱ्या कागदावर दाबला. चाळीस वर्षं दोर ओढलाय मी. सगळ्या रेघा उमटल्या.

मग त्यांनी एकेक करून चारही प्रती माझ्यासमोर मांडल्या. चार ठसे. शाई नीट लागलेली, कडा साफ, कुठे फराटा नाही.

चारांपैकी एकातही रेघ नव्हती.